काट्यावरची बैलं

(साखर कारखान्याचा वजनकाटा. आत नव्या कॉम्प्युटरसमोर काट्यावरचे कारकून आप्पाराव आणि प्रोग्राम लिहिणारी दैवशाला. खिडकीबाहेर काट्यावर कडूबाईची उसाची बैलगाडी उभी, मागं रांग.)

आप्पाराव: जुनाच प्रोग्राम चालू दे म्हणायलो ना, दैवशाला! इतके हंगाम गेले, एका पावतीची तक्रार न्हाई.

दैवशाला: काका, तो जुन्या मशीनसाठी लिहिला होता. ह्या नव्या मशीनला त्याची भाषाच कळत नाही. म्हणून मधे एक प्रोग्राम बसवलाय, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो. तिकडचं ऐकायचं, इकडच्या भाषेत सांगायचं. वेळ लागणारच.

आप्पाराव: सोंग का असंना, वजन तर बरोबर देतो.

कडूबाई: ओ सायेब! बैलं उभी राहून कटाळली. पावती निघायलीय का बाळंत व्हायलीय?

आप्पाराव: निघाली, निघाली! ही धरा, कडूबाई.

दैवशाला: ऐकलंत? मी लिहिलेला ह्याच मशीनच्या भाषेत आहे, मधे कुणी नाही. संध्याकाळी साहेब तुम्हालाच विचारणार, कोणता ठेवायचा. तुम्ही ‘जुना’ म्हणालात की हंगामभर गाड्या अशाच तुंबणार. आणि माझी दिवाळीपासूनची मेहनत पाण्यात.

आप्पाराव: तोंड नको पाडू. कडूबाई, गाडी हलवू नका. लाव बरं तुझा.

दैवशाला: हे बघा, निघाली!

आप्पाराव: आयला! डोळ्याचं पातं लवलं न्हाई तर… थांब. वजन कमी आलंय की. गाडी तीच, ऊस तोच.

कडूबाई: कमी? माझ्या मोळ्या खाल्ल्या का काय तुमच्या डब्यानं? थंडीत काकडत तोडलाय आमी त्यो ऊस!

आप्पाराव: म्हणून म्हणतो, जुनं ते सोनं.

दैवशाला: परत घेते ना. आता जास्त आलं. आता पुन्हा कमी! असं कसं होईल… कडूबाई, तुमचा तांबडा बैल काय करायलाय?

कडूबाई: माश्या हाकलायलाय, दुसरं काय? काट्यावर आलं की लय बुजतंय. मंग घडीभरानं ऱ्हातंय गप.

दैवशाला: तेच की! काटा हलायलाय आणि माझा प्रोग्राम लगेच वजन उचलतो. जुना रखडायचा, तोवर बैल शांत व्हायचे.

आप्पाराव: म्हणजे बेट्याचं वजन बरोबर यायचं ते आळसामुळं?

दैवशाला: हो! आणि मी ऊस धरला, गाडी धरली, बैलांचं हलणं धरलंच नाही. वेडीच मी. आता वजन सारखं घेत राहील, आकडा स्थिर झाला की मगच छापील. थांबा, एवढं टाकते.

कडूबाई: टाक बाई, टाक. पन तांबड्याला काई बोलू नका.

दैवशाला: झालं. बघा काका.

आप्पाराव: जुळलं! जुन्या पावतीशी तंतोतंत. आन् तांबडा आत्ता आत्ता तर गप झाला, तोवर पावती बी हातात.

कडूबाई: मंग जाऊ का मी?

आप्पाराव: जावा, खुशाल जावा.

दैवशाला: काका… साहेबांना काय सांगणार?

आप्पाराव: साहेबांचं संध्याकाळी बघू. तू आधी रांगेतल्या गाड्यांना आवाज दे. बैलं सोडून बसू नका म्हणावं, नंबर लगेच लागायलाय.