तीन नंबरच्या पाण्याचा निरोप

(अमडापूरकडचं एक गाव. सकाळचे सव्वादहा. ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेतलेली मंजुश्री. शेजारी तिचे वडील कचरू, गावात नळाचं पाणी सोडणारे. मोबाइलच्या स्पीकरवर पुण्याहून तिचा भाऊ प्रसेनजित.)

मंजुश्री : पुन्हा तेच दादा! लाल अक्षरात. 'या यूजरला केव्हीएम वापरायची परवानगी नाही.'

प्रसेनजित : कमांड नीट टाकलीस का? एक अक्षर इकडंतिकडं झालं की...

मंजुश्री : नीटच टाकली. पुण्यात राहून तुले आमची अक्षरं बी चुकल्यासारखी दिसून राह्यली का?

कचरू : भांडू नका बे. अकराले पंचायतीत मिटिंग हाये. पाऊन घंटा राह्यला.

प्रसेनजित : बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका.

कचरू : मी कोठी घेऊन राह्यलो? तूच घामाघूम झाल्यासारखा बोलून राह्यला. मंजू, हे केव्हीएम काय भानगड हाय ते मले सांग.

मंजुश्री : बाबा, मी पान्याचं अॅप बनोलं ना, ते माह्या मोबाइलवर उतरतच नाई, लय जुना हाये तो. म्हनून लॅपटॉपच्या पोटात एक खोटा मोबाइल उभा करायचा. तो पंचायतीच्या टीव्हीवर दिसते, म्हंजे मिटिंगमधे सगळ्यांले पाह्यता येते. अन् तो खोटा मोबाइल पळवनारं जे इंजिन हाय, त्याचं नाव केव्हीएम.

कचरू : मंग इंजिन बिघडलं?

मंजुश्री : नाई! इंजिन एकदम फस्क्लास. मले हात लावू देत नाई, बस.

कचरू : चिखलीले कॉलेजात तर चाललं म्हने.

मंजुश्री : ते मशीन कॉलेजचं. हा दादाचा जुना लॅपटॉप, काल संध्याकाळी जीपवाल्या दयारामनं आनून देला. याच्यात माह्या नावाचं खातं तर दादानं करून धाडलं, परवानगी द्यायची इसरला.

प्रसेनजित : विसरलो नाही, वेळ नव्हता. आणि परत सांगतो, त्याचं बटन गेलेलं आहे. बंद केलास तर तो उठणार नाही. बंद करायचा नाही म्हणजे नाही.

मंजुश्री : शंभरदा सांगतलं! झाकन बी नाई लावलं रातभर. मांजर बसू नाई म्हनून मायनं टोपलं झाकलं होतं त्याच्यावर.

प्रसेनजित : बरं, ऐक. शॉर्टकट सांगतो. सुडो, सीएचमॉड, सात सात सात, आणि पुढं केव्हीएमचा पत्ता. एका ओळीत काम होईल. सगळ्यांना सगळं उघडं.

मंजुश्री : खरंच? एवढ्यानं होते?

प्रसेनजित : हो ग. पाच सेकंद. टाक.

कचरू : थांब पोरी. सगळ्यांले उघडं म्हंजे?

प्रसेनजित : म्हणजे बाबा, त्या मशीनवर जो कोणी येईल त्याला ते इंजिन वापरता येईल. परवानगी विचारायचीच नाही.

कचरू : हे नाई करायचं.

प्रसेनजित : बाबा, घरचा लॅपटॉप आहे! कोण येणार आहे त्याच्यात?

कचरू : घरचा असो का पाटलाचा असो. चौदा वर्सं झाले, टाकीची चावी माह्या कमरेले हाये. ज्या दिवशी व्हॉल्व सगळ्यांच्या हाती देला, त्या दिवशी वरच्या आळीले धो धो अन् खालच्या आळीले नळ सू सू करते. आज माह्यावर आळ काय हाये? कचरू आपल्याच मानसाले पानी सोडते. अन् माही पोरगी तिथी जाऊन सात सात सात करून आलेली मशीन दाखवीन? नाई.

मंजुश्री : बाबा, पन टाइम...

कचरू : टाइम हाये. तुह्यं नाव रीतीनं लिव त्याच्यात.

प्रसेनजित : रीतीनंच केलं होतं ना आधी! केव्हीएमचा एक ग्रुप असतो, बाबा. त्या ग्रुपात ज्याचं नाव, त्यालाच इंजिन. मंजूचं नाव मी मघाशीच टाकायला लावलं. टाकलंस ना ग?

मंजुश्री : टाकलं. 'जोडले' म्हनून आलं बी होतं.

प्रसेनजित : मग तपास. ग्रुप्स लिही, पुढं तुझं नाव.

मंजुश्री : ...दिसते! केव्हीएम दिसते! माह्या नावासमोर!

प्रसेनजित : आता नुसतं ग्रुप्स लिही. नाव नको.

मंजुश्री : ...आता नाई दिसत. अबे दादा, हे काय? एकाच मशीनचे दोन जबाब?

प्रसेनजित : असं कसं? थांब, मी शोधतो.

मंजुश्री : शोध शोध. दहा वाजून बत्तीस झाले. तीन नंबर वार्डातल्या केसरबाई अन् जनकाबाई निघाल्या पाह्य मिटिंगले, पदर खोचून, घरोघरी हाका मारत.

कचरू : केसरबाईचं काय चुकलं? मागल्या खेपेले मी तीन नंबरले पानी सोडलं तवा सगळ्या बाया वावरात सोयाबीन सोंगाले, कापाले गेल्या होत्या. दीड घंटा पानी नालीतून गेलं. नऊ दिवसानं येनारं पानी! मी बोंबलत फिरलो गल्लीत, ऐकाले कुत्रं नव्हतं. ती म्हनते मुद्दाम सोडलं. मले बी राग आला असता.

मंजुश्री : म्हनून तर अॅप बनोलं ना बाबा. बावीस घरायचे नंबर टाकले. बटन दाबलं का नेटवरून सगळ्यांले एकाच टाइमाले तुमच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात फोन. वावरात असो का बजारात.

कचरू : मंजू, मघाशी नाव लिवलं तवा तू कोठी होती?

मंजुश्री : इथीच! अजून कोठी?

कचरू : म्हंजे मशीनच्या आत होती का भाईर?

मंजुश्री : आत. कालपासून आतच हाये. बंदच नाई केलं ना.

कचरू : मंग तसंच झालं असीन. मी नवा होतो तवा धरनाच्या पंपहाउसवर फाटकावर एक म्हातारा बसे. सकाळी आत जाताना वही पाहे, ज्याले जे काम असीन त्याचा बिल्ला हाती दे. मले झाडाझुडीचा बिल्ला भेटला. दुपारी सायबानं माह्यं नाव मोटारीवाल्याईत लिवलं, माह्यासमोर. मी मोटारीपाशी गेलो त म्हातारा म्हने, तुह्या हाती झाडाझुडीचा बिल्ला हाये. म्या म्हनलं, वहीत पाह्य ना. तो म्हने, वही मी फाटकावरच पाह्यतो. भाईर जाय, पुन्हा आत ये.

प्रसेनजित : ...बाबा.

कचरू : काय?

प्रसेनजित : बाबा, अबे काय सांगून राह्यले तुमी! मंजू! लॉगआउट! ग्रुप आत येतानाच वाचते तो! तू कालपासून जुन्याच बिल्ल्यावर हायेस!

मंजुश्री : आला का वऱ्हाडात! दादा, पुनं उतरलं तुह्यं!

प्रसेनजित : उतरू दे! लॉगआउट कर पटकन!

मंजुश्री : पन बंद नाई करायचा ना? तूच म्हनला, उठनार नाई.

प्रसेनजित : बंद नाही करायचं. शटडाउनला हात लावू नको. फक्त तू बाहेर जा, मशीन चालूच राहील. मेनूत लॉगआउट असं लिहिलंय, तेच.

मंजुश्री : शटडाउन त्याच्या बरोबर खाली हाये दादा. चुकून तेच दाबल्या जाईन.

कचरू : दम घे. सावकाश.

मंजुश्री : दाबलं.

प्रसेनजित : काय झालं?

मंजुश्री : काळं झालं. सगळं काळं. दादा, काळंच हाये!

प्रसेनजित : दिवा जळतोय का कडेचा?

मंजुश्री : जळून राह्यला... आलं! माह्यं नाव आलं! पासवर्ड मागून राह्यलं!

कचरू : फाटक आलं म्हन.

मंजुश्री : फाटकच बाबा! थांबा... गेली आत. नुसतं ग्रुप्स लिवते... केव्हीएम! केव्हीएम दिसते!

प्रसेनजित : आता एम्युलेटर चालू कर, तो खोटा मोबाइल.

मंजुश्री : केला. फिरून राह्यलं गोल गोल... लाल अक्षरं नाई आली. दादा, लाल नाई आली! अय बाप्पा, मोबाइल उभा झाला! घड्याळ दिसून राह्यलं त्याच्यात, दहा बेचाळीस! पाह्या बाबा, पाह्या!

कचरू : अरे वा. खऱ्यासारखाच हाये की. याच्यात तुह्यं अॅप?

मंजुश्री : हे टाकलं. हे उघडलं. पाह्या, वार्ड एक, वार्ड दोन, वार्ड तीन. समोर 'पाणी सोडले' म्हनून निळं बटन.

कचरू : हे कोनीबी दाबू शकते का?

मंजुश्री : नाई. यादीत नाव असीन त्यानंच. अन् यादीत एकच नाव हाये, कचरू. तुमचाच पासवर्ड टाकून उघडलं मी.

कचरू : असं दाबाचं का? इथी?

मंजुश्री : हाव, तिथी बोट... बाबा, थांबा!

प्रसेनजित : काय झालं?

मंजुश्री : दाबलं त्याईनं! तीन नंबर! दादा, मी खरेच नंबर टाकले होते, मिटिंगमधे दाखवाले! बावीसच्या बावीस खरे!

प्रसेनजित : अरे देवा. गेला फोन?

मंजुश्री : जाऊन राह्यले... केसरबाई थांबली रस्त्यात. पदरातून मोबाइल काढला. कानाले लावला. बाबा, तुमचा आवाज इथपर्यंत येऊन राह्यला, 'मी कचरू बोलतो. तीन नंबरले पानी सुटलं.'

कचरू : माहा आवाज असा हाये?

मंजुश्री : लय मोठा हाये! जनकाबाईचा बी वाजला. दोघी माघारी फिरल्या, घरी पळून राह्यल्या पान्याचे हंडे-गुंड घ्याले. वावराच्या रस्त्यानं पाच-सात जनी येऊन राह्यल्या, माय बी हाये त्याच्यात! दादा, वावरात बी पोचला!

प्रसेनजित : मंजू, परत फोन लाव, चुकून गेला म्हणून सांग. पाणी नाही म्हटल्यावर आज मिटिंगमध्ये बाबांना खाऊन टाकतील.

कचरू : चुकून काऊन? आज पाळी कोनाची हाये? तीन नंबरचीच. मी दुपारून सोडनार होतो, आता सोडतो. टाकी भरेल हाये. मंजू, ती चावी दे खुंटीवरची.

मंजुश्री : बाबा, अन् मिटिंग? अकराले तुमाले बलावलं हाये. आज तिथी नाई गेले त चावी दुसऱ्याले देतीन.

कचरू : तू जाय लॅपटॉप घेऊन. झाकन नको लावू. अन् चावी मांगतली त सांगजो, कचरू तीन नंबरच्या व्हॉल्ववर हाये, ज्याले पाह्यजे त्यानं तिथी या.

प्रसेनजित : बाबा, दहा मिनिटं थांबून मिटिंगला तोंड दाखवून जा ना. ऐका माझं.

कचरू : निरोप माह्या आवाजात गेला, बाबू. त्या नळापाशी गुंड मांडून बसल्या असतीन आता.