आमच्या गाडीची आयुधपूजा

इलेक्ट्रिक गाडीत पेट्रोलचा वास नाही, धुराचा नाही, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचो. दसरा झाला आणि आठवड्याभरात तीच गाडी, एसी लावला की, अशी आंबट घाण मारायला लागली की बायकोने माझ्याबरोबर चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरला ऑफिसला येणंच बंद केलं. "बॅटरी गळतेय. कधी पेट घेईल सांगता येत नाही," म्हणाली आणि बसने जायला लागली.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॅटरी तपासली, एसीचा फिल्टर बदलला आणि सगळं ठणठणीत आहे म्हणून गाडी परत दिली. वास मात्र तसाच.

शेवटी वायपरचं पाणी भरायला मी बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत तिथे इंजिनाच्या जागी सामान ठेवायची पेटी आहे. तिचं झाकण उचललं तर आत केळीच्या पानावर दोन काळी ठिक्कर केळी, नारळाची वाटी आणि बुरशीने पांढरं झालेलं सुंदल, म्हणजे इकडची हरभऱ्यांची कोरडी उसळ.

आमचे सासरे तंजावरचे मराठी, सगळा जन्म इथे चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये गेलेला. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, ते घरातल्या विळीपासून गाडीपर्यंत सगळ्यांना गंध लावतात. मी त्यांनाच खाली बोलावलं.

"आप्पा, हे तुम्ही ठेवलंत?"

"मग? गाडीची पूजा म्हटल्यावर नैवेद्य इंजिनापुढे नको?"

"अहो, या गाडीला इंजिनच नाही."

आप्पांनी नाकाला उपरणं लावलं, वाकून पेटीत नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग आधी सांगायचं होतंत, जावईबापू. सुंदल आम्हीच संपवलं असतं."