थंड शेक

मंडळी, आयाबायांनो, दाटीवाटीने का होईना, बसून घ्या. दहाव्याला एवढी माणसं जमली, सुमनचं नशीब. माझ्या दहाव्याला याच्या निम्मी आली तरी पुष्कळ.

माझ्याआधी चौघे बोलले. सरपंच बोलले, गुरुजी बोलले. सगळे म्हणाले, सुमनबाई शांत, सुमनबाई सोशिक, त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही. खरं आहे. मी तिची थोरली जाऊ. चाळीस वर्षं आम्ही एका घरात काढली. तिच्या वाट्याचे वाकडे शब्दही मीच बोलून टाकले, तिला उरणार कुठून?

हसा, हसू आलं तर. मला बोलायला जड जातंय, पण रडू येतंय म्हणून नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलायचं असतं, अन् मी तिच्यावर जळत होते. आज तिच्या फोटोला हार घालतानाही जळले. हार तिच्याच हातचा असता तर जास्त चांगला दिसला असता, हे मनात आलं म्हणून जळले.

ती लग्न होऊन आली ती सातवी शिकून. मी दुसरीतून शेळ्यांमागे गेलेली. सासूबाई म्हणायच्या, सुमन, पोथी वाच. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, तू भाकरी टाक. माझी शेवंती अन् तिची शेवंती एका विहिरीवर वाढली, खत एक, पाणी एक. पण फुलबाजारात आडत्याचा हात आधी तिच्या पाटीत जायचा. का? मला आजपर्यंत कळलं नाही.

मग तिला हे दुखणं आलं. मांडीत वरच्या बाजूला, जांघेपाशी, लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून तिने वर्षभर कुणाला दाखवली नाही. मला दाखवली तेव्हा मी म्हणाले, आवाळू असेल, माझ्या बापाच्या मानेवर होतं, तो ते घेऊन म्हातारा झाला. बायांनो, माझं हे ऐकू नका. न दुखणारी गाठही दाखवायची असते, वाढत असेल तर लगेच. लिंबाचा पेरू झाला तेव्हा तिच्या पोराने, संदीपने, तिला नाशकातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सुईने तुकडा काढून तपासला. सार्कोमा म्हणाले. मला वाटलं, औषधाचं नाव आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सरच, पण मांसात, चरबीत, हाडात उगवणारा. फार कमी लोकांना होतो.

बघा, आजारसुद्धा हिला वेगळाच. माझे गुडघे मात्र गावातल्या प्रत्येक म्हातारीसारखे.

गाठ पायाच्या मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घालून बसली होती. काढायची तर पाय मुळापासून जाणार. अन् फुफ्फुसातही ठिपके दिसले. त्यामुळे पाय घालवून काही साधणार नाही, असं म्हणाले. संदीपचं तोंड उतरलं. आपल्याकडे कॅन्सर म्हणजे कापायचा, अन् कापत नाहीत म्हणजे घरी न्यायचं, एवढंच ठाऊक. मीही ओटीवर बसून चारचौघांत म्हणाले, आटपलं सुमनचं. ऐकलेले इथे बसलेत. माना खाली घालू नका.

पण त्या डॉक्टरीणबाईंनी संदीपला समोर बसवून सांगितलं, "कापणार नाही म्हणजे सोडून दिलं असं नाही. आधी शेक देऊ, म्हणजे गाठ आवरेल, दुखणं थांबेल. मग किमो. ती सलाईनमधून अंगभर फिरते, फुफ्फुसापर्यंत जाते. त्यानंतर गोळ्या आहेत. मुळासकट जाईल असं वचन मी देत नाही. दिवस मिळतील, अन् ते बरे जातील असं बघू."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द मी पकडला. शेक.

शेक मला माहीत होता. तव्यावर फडकं तापवा, नाहीतर ओव्याची पुरचुंडी करा अन् दाबा. त्या शेकासाठी हिला रोज गाडी. संदीपची कंपनीतून रजा. सोमवार ते शुक्रवार, थंडगार खोलीत, मोठ्या यंत्राखाली झोपायचं. मांडीवर पेनाने फुल्या काढलेल्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून सून तिला लहान बाळासारखी जपून आंघोळ घालायची. येणारे शहाळी आणायचे. अन् माझे गुडघे? माझ्या गुडघ्यांना या घरात कुणी वीट तापवून दिली नाही.

म्हणून एक दिवस मी गाडीत जाऊन बसले. दवाखान्यात सुमन आत गेली. यंत्रावरची मुलगी बाहेर आली, तिला मी लुगडं वर करून गुडघे दाखवले. म्हणाले, "बाई, हिचं झालं की मलाही घे. दोन्ही." तिला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने तोंडावर रुमाल धरला. मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, आजी, शेक हा नुसता बोलायचा शब्द. यात विस्तव नाही, ऊब नाही. किरणं असतात, दिसत नाहीत, लागत नाहीत, पण आतून काम करतात. कातडी त्याने नाजूक होते, म्हणून तिथे गरम काही लावायचं नाही. सुमन बाहेर येऊन हे ऐकत होती. पोट धरून हसली. म्हणाली, "बाई, तुम्हाला माझ्या गाठीतसुद्धा वाटा पाहिजे."

त्याच आठवड्यात तिची मांडी पोळली. फोड आले, कातडी सोलून निघाली. आठ दिवस यंत्र बंद ठेवावं लागलं. सुमनने आपल्या मनाने गरम पाण्याची पिशवी घेतली, असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. संदीप त्यावरून तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. त्याच्यावर मी येते.

शेक पुरा झाला अन् गाठ खरंच आवरली. पाय टेकताना ती कण्हायची, ते थांबलं. मग लाल रंगाची किमो. केस गेले, तोंड आलं, पाणी कडू लागायचं. ताप आला की लगेच गाडी काढून दवाखाना. तीन आठवडे गेले की पुन्हा तेच. फुफ्फुसातले ठिपके काही महिने होते तिथेच थांबले. पुढे गोळ्या. गोळ्यांनी तळपाय हुळहुळे व्हायचे, अन् पुन्हा आलेले केस पांढरेशुभ्र निघाले. हिचे केस साठीतही काळे होते, माझे चाळिशीत पिकले. मी म्हणाले, आता आलीस बरोबरीला. तर येणारी जाणारी म्हणायला लागली, सुमनबाई, पांढरे केस काय शोभतात तुम्हाला. घ्या.

ज्या बाईचं मी आटपलं म्हणाले, तिने दोन दसरे झेंडूची तोडणी केली. पहिल्या वर्षी बांधावर खुर्ची टाकून, दुसऱ्या वर्षी स्वतः सरीत उतरून. ते दिवस कुणी दिले? शेकाने, सलाईनने, गोळ्यांनी. पुढे गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तेही तोंडावर सांगितलं. मग फक्त दुखू नये म्हणून औषध. तेवढं मात्र पक्कं, शेवटी तिला दुखलं नाही.

आता ती पिशवी. संदीप, इकडे बघ.

गरम पाण्याची पिशवी या घरात नव्हतीच कधी. कुणी शोधलीसुद्धा नाही. ओव्याची पुरचुंडी होती. मी केली. दवाखान्यातून आल्यावर माझ्या मनात एकच, शेक म्हणतात अन् ऊब नाही, हा कसला थंड शेक? पोरीबाळी फसवतायत. अन् खरं सांगू? सगळे तिचं करत होते. मला वाटलं, तिला गुण यावा तो माझ्या हाताने, अन् गावाने म्हणावं, थोरलीच्या शेकाने सुमन उठली. तू औषधं आणायला गेला होतास. सुमन म्हणाली, "बाई, नको म्हणाल्यात तिथे." मी म्हणाले, "कालच्या पोरीचं ऐकतेस अन् माझं नाय?" मग तिने पाय पुढे केला. मी दाबत राहिले. ती भिंतीकडे तोंड करून पडली. हूं की चूं नाही. मला वाटलं, बरं वाटतंय हिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तिला फाडफाड बोलल्या. मी शेजारी उभी. सुमनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मीच घेतला, चुकलं." अन् मी, जिची जीभ गावात कुणाला ऐकत नाही, ती गप्प.

त्या आठ दिवसांनी काय फरक पडला, मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंना विचारता आलं असतं. विचारलं असतं तर का विचारते तेही सांगावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. सुमनला मी पुढे एकदा म्हणाले, का गं माझं नाव नाही घेतलंस? तर म्हणाली, "तुम्हाला बोलणं खायची सवय नाय, बाई. मला हाय." चाळीस वर्षं हिच्यावर जळले, त्यात सगळ्यात जास्त त्या दिवशी जळले.

संदीप, तू दोन दिवस आईशी बोलला नाहीस, ते तुझ्या जिवाला लागून आहे. रोज फोटोपुढे उभा राहतोस, मला दिसतं. ते सोड. त्या दोन दिवसांचा राग माझ्यावर काढायचा होता, आता काढ. मी घरीच आहे.

अन् मंडळी, तुमच्याकडे कुणाला दवाखान्यात शेक सांगितला, तर घरात माझ्यासारखी म्हातारी आहे का ते आधी बघा, अन् तिला लांब बसवा.

आता उठा. अशा वेळी दोन मिनिटं उभं राहतात. घड्याळ बघू नका. माझ्या हातची पुरचुंडी तिला पोळत असताना ती जेवढा वेळ गप्प पडली होती, तेवढा वेळ गप्प राहू. किती होता ते मला माहीत आहे. मी सांगेन तेव्हा बसा.