बंद केबल आणि केबलचे शेअर

दि. १६/०३/२००६

मी शिवकन्या भ्र. किशनराव हंबर्डे, वय ४२ वर्षे, व्यवसाय विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे देणे, मूळ रा. मुखेड, ह.मु. औसा रोड, लातूर. ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी, मालक किशनराव व मुलगी पुनम असे वरील पत्त्यावर राहतो. मालक आडत दुकानात मुनीम आहेत. पुनम बारावीला आहे. परीक्षा संपेपर्यंत केबल बंद ठेवावी, असा अर्ज गल्लीने केबलवाले शहेबाजभाई यांना दिला. त्यावर पहिली सही आमच्या मालकांची. "पोरगी डॉक्टर व्हायची हाय, टीव्ही कशाला पायजे?" हे तेच म्हणाले. २० फेब्रुवारीपासून केबल बंद आहे.

दिवाळीत मालकांनी माझ्या डब्याच्या कमाईतले चाळीस हजार घेऊन माझ्याच नावावर एका केबल कंपनीचे शेअर घेतले. ते पैसे पुनमच्या सीईटीच्या वर्गाच्या फीचे होते. मी लई भांडले. "मोठी टेलिफोन कंपनी हिला गिळणार हाय, दुप्पट होतेत बघ," म्हणाले. मी म्हणाले, "गिळायच्या आधी पोरीची फी भरा." ऐकलं न्हाई.

महाशिवरात्रीनंतर दोन्ही कंपन्या एक होणार अशी आवई उठली. भाव चढू लागला, अन् घरात टीव्ही बंद! पेपरात कालचा भाव येतो, मालकांना आत्ताचा पायजे होता. फक्त भावाचं चॅनल चालू कर, म्हणून शहेबाजभाईंच्या मागं लागले. ते म्हणाले, "किशनभाई, पहिली दस्तखत तुम्हारीच है ना?"

आज सकाळी साडेदहाला मालक शिडी लावून केबलच्या खांबावर चढले व वायर जोडू लागले. शहेबाजभाईंनी येऊन शिडी ओढली. ती पत्र्यावर पडून मोठा आवाज झाला. भूकंपापासून आमच्या गल्लीत आवाज झाला की लोक आधी बाहेर पळतात, मग विचारतात. सगळी गल्ली जमली. मालक खांबाला मिठी मारून वरच होते. मारहाण झाली न्हाई. शिव्या दोघांनी दिल्या, त्या मी सांगणार न्हाई.

भाव कळल्यावर मालक शेअर विकणार होते का, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, विकायला शेअरच राहिले न्हाईत. ६ तारखेला डबे पोचवून मी दलालाकडं गेले व सही करून सगळे विकले. छप्पन्न हजार आले. काल पुनमची फी भरली, पावती सोबत आहे. पुढं भाव चढला का पडला, मी विचारलं न्हाई. मालकांना सांगायचा धीर झाला न्हाई, लई वर्षांनी माणूस एवढा खुशीत होता.

शहेबाजभाईंविरुद्ध माझी तक्रार न्हाई. शिडी आमचीच आहे, ती परत मिळावी.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच लिहिला आहे. वाचताना माझ्या विनंतीवरून मालकांना चहा आणायला बाहेर पाठवले होते.

सही/-
शिवकन्या हंबर्डे