शिंगटे आणि इतर

दुष्काळात माजलगावकडच्या चारा छावणीत, उसाच्या वाढ्यांसाठी, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्यासाठी लागलेल्या रांगेत, माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याचा प्राध्यापक मुलगा उभे होते.

“गहिनी, उद्या तुझा सत्कार अन् तू आज न्हाई म्हनतोस. कावून?”

“आबा, तो गणिताचा लेख माझा न्हाई.”

“हाय तरी काय त्यात?”

“एका फलनाचं दुसरं फलन करणारा ऑपरेटर.”

“मला समजंल असं बोल बे.”

“गुऱ्हाळाचा चरखा समजा. ऊस घातला की रस निघतो.”

“मग चरखा वढला कुणी?”

“माझ्या विद्यार्थिनीनं. जुलेखानं.”

“दस्तगीर फळवाल्याची? अन् नाव तुझं?”

“पहिलं माझं लावलं. मग आमच्या संस्थेच्या चेअरमनच्या पुतण्याचं. शेवटी तिचं. आता जगभरचे लोक दाखला देताना ‘शिंगटे आणि इतर’ लिहितात.”

“शिंगटे म्हंजी तू. इतर कोन?”

“पुतण्या. अन् जुलेखा.”

“उद्याचा पहिला हार दस्तगीर आणतोय. पोरीच्या सरांना हार घालायचा मान माझा, म्हनला.”

“त्याला नको म्हना.”

“कोन्या तोंडानं? जुलेखाला पुढं बसव, असं मीच सांगून आलोय त्याला.”