गार पाण्यातला सेन्सर

गॅरेजच्या बाकावर आम्ही तिघं गिऱ्हाइकं होतो: मी, एक चाळिशीचा माणूस आणि त्याची धाकटी बहीण. समोरच्या टेबलावर एक वाटी, थर्मामीटर, मीटर आणि त्यांच्या गाडीतून काढलेला इंजिनच्या तापमानाचा सेन्सर.

“वाफ आली होती का, साहेब?” मिस्त्रीने विचारलं.

“नाही. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, म्हणून थांबलो.”

“बॉनेट उघडून बघितलं?”

“आई मागे धापा टाकत होती हो. मी काट्याकडेच बघत बसलो, कधी खाली येतोय म्हणून. आलाच नाही. शेवटी तसाच निघालो.”

“अर्ध्या तासाने,” बहीण म्हणाली. “हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं, दादा.”

“आणि इंजिन जळलं असतं तर? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं गं.”

“मिस्त्री, मोजू नका. नवीन बसवा आणि मोकळे व्हा.”

“नाही, मोजाच. आई गेल्यापासून ही एकच गोष्ट विचारतेय, थांबलास कशाला.”

“रागात बोलले रे. आता नाही विचारणार.”

“मी स्वतःला विचारणार ना.”

मिस्त्रीने वाटीत नळाचं पाणी घेतलं. “सेन्सर चांगला असेल तर गार पाण्यात दोन हजार ओहमच्या वर दाखवेल. दोनशेच्या आसपास आलं, तर तो गार इंजिनालाही उकळतंय म्हणतो.”

“म्हणजे दोन हजार आलं, तर मी थांबलो ते बरोबर.”

“बरोबर.”

बहिणीने त्याचा हात धरला.

पाणी सत्तावीस अंशांवर होतं. मीटरवरचा आकडा स्थिरावला: एकशे नव्वद.