कानपिळीचा मान

— उठू नका, चहा आलाय तर पिऊन घ्या, पन त्यो मफलर परत कानाला गुंडाळा आधी. घरात थंडी हाय का न्हाई ते मला सांगू नका, गुंडाळा. आन मंजुषाला मागायला एकटेच आलात, तर एकट्यानंच ऐकून घ्या — पोरगी द्यायची न्हाई. कावून? मगाशी तर मावशी लई गोड बोलत व्हत्या, असंच ना? व्हते बोलत. मफलर काढला न्हवता तवर बोलत व्हते. तिला मीच शेजारी धाडलंय साखरंला. साखर घरात डबाभर हाय. ती यायच्या आत तुमी गाडीला किक मारायची आन उमापूरची वाट धरायची.

कान आवडला न्हाई तुमचा, बास. पाळीच न्हाई त्याला, सरळ गालाला चिकटल्याला — वरची कड करंजीच्या मुरडीवानी आत वळल्याली — आन कानाम्होरं, गालाकडं, सुईनं टोचल्यावानी भोक. बिनपाळीचा मानूस लई जगत न्हाई, जुनी मानसं म्हनत्यात. हसता काय? आमच्या मालकानं पन्नाशी बघितली न्हाई. त्यो फोटो बघा, तुमच्या डोक्यावरच हाय, हार जरा बाजूला सारून — नका. नका बघू. बसा खाली.

काय म्हनलात? मंजीचे कान बी असेच हायत? मला सांगता व्हय, मी आई हाय तिची. सोनारानं हात टेकले व्हते, टोचायला जागाच न्हाई — रिंगा वाकड्या बसत्यात म्हनून पोरगी कान केसाखाली झाकती. कुनाला दाखवीत न्हाई. तुमाला दाखविले? आन दोघं हसलात, जोडी देवानंच जुळविली म्हनून? लई अक्कल पाजळली. देव असले कान जुळवीत न्हाई रे — रे म्हनले का मी? म्हनले तर म्हनले.

आईचं नाव काय सांगितलंस मगाशी? शिवकन्या. आन बाप तू पोटात असतानाच गेला. असंच सांगितलं असंल तिनं, दुसरं काय सांगंल बिचारी. बिचारी कशाची — आमचे मालक मुकादम व्हते, टोळी घिऊन कारखान्याला जायचे, त्या टोळीत ती व्हती, आपल्या बापासंगं ऊस तोडायला. मी एकदाच गेलते तिथं, भाकरीचं गाठुडं घिऊन, मंजी पोटात व्हती माझ्या. पाचटाच्या कोपीच्या दारात ती तान्ह्या पोराला पाजीत बसल्याली. पोराला कुंची. मला बघितलं आन तिनं ती कुंची गपकन कानावर वढली. कावून वढावी? मी काय विचारलं व्हतं तिला? — मंग मीच सारली. बघितलं. गाठुडं तिथंच ठिवलं आन घरला आले. मालकाला बोलले न्हाई, कुनालाच बोलले न्हाई आजपत्तूर. तुला बी सांगनार न्हवते मी. नुसतं वंगाळ बोलून घालवनार व्हते, आन तू म्हनतोस कान सारखे हायत.

रडू नको. माझ्या घरात रडायचं न्हाई. मी बी रडले न्हाई तवा. मंजीला काय सांगायचं ते माझं मी बघीन — पोरगा दारू पितो म्हनीन, पहिलं लगीन झालंय म्हनीन. शिव्या दील ती तुला. खा. फोन करायचा न्हाई, तिचा आला तर उचलायचा न्हाई. आन आईला जाऊन काय बी विचारू नको, म्हातारपनी तिला तरास नको.

फाटक वाजलं. आली ती. मफलर बांध — नीट बांध, कान दिसतोय अजून. आन ऐक. औंदा तिचं लगीन मी लावनारच हाय, जमंल तिथं. मांडवात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आन मला ल्योक न्हाई. बोलावलं तर ये. न्हाई बोलावलं तर ह्या गावात पाय ठिवू नको.

जा. मागच्या दारानं जा.